ऑकलंड, वीस तास

जगाचा नकाशा समोर धरला तर जगनला त्यात भारतसुद्धा पटकन सापडला नसता. सातवीच्या परीक्षेला तो बसला आणि निकाल बघायला गेलाच नाही, एवढंच त्याचं शिक्षण. पण खारघरच्या कुठल्याही सोसायटीत त्याला गाठून विचारा, लंडन किती लांब? तो तंबाखू मळता मळता सांगणार, "एकच विमान, साडेनऊ तास. वरचे सहा धरा." न्यूजर्सी? "सोला, आनि सहा." टोरांटो? "एक उतरून दुसरं धरायचं. बावीस, आनि सहा." हे वरचे सहा म्हणजे विमानाआधी तीन तास जाऊन बसायचं, उतरल्यावर पासपोर्ट आणि बॅगा, आणि मग मुंबईच्या विमानतळापासून पनवेलपर्यंतचा रस्ता. किलोमीटर सांगितले तर तो वैतागायचा. माणूस किलोमीटरनं येत नाही, तासांनी येतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

हे ज्ञान त्याला धंद्यानं दिलं. जगनचा धंदा मयताचा. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड हे सगळं तो पुरवायचा, तिरडी बांधून द्यायचा, आणि त्याच्याकडे एक थंड पेटी होती. काचेच्या झाकणाची, विजेवर चालणारी. घरातल्या हॉलमध्ये नेऊन ठेवायची, पिन लावायची, आणि गेलेलं माणूस त्यात दोन दिवस, तीन दिवस राहायचं, परदेशातली मुलं येईपर्यंत. गावाकडची जमीन विमानतळाखाली गेल्यावर बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, डंपर घेतले, कोणी बिल्डर झाला. जगननं पेटी घेतली म्हणून गाव हसलं होतं. आता गावाशेजारून विमानं उडतात खरी, पण ऑकलंडचं विमान अजून तिथून सुटत नाही.

पेटी घेतली तरी जगन मनातून गावचाच. त्याच्या गावात मयत झालं की तीन-चार तासांत सगळं उरकतं. मयत घरात असेपर्यंत शेजारच्या दहा घरांत चूल पेटत नाही, पोरंबाळं उपाशी राहतात, मग थांबणार कोण? सोसायट्यांमधली माणसं दोन-दोन दिवस मयत हॉलमध्ये ठेवून शेजारी सोफ्यावर बसून फोनवर तिकिटं बघतात, याचं त्याला सुरुवातीला फार नवल वाटायचं. पुढं सवय झाली. इतकी की दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्याचा पहिला प्रश्न असायचा, "पोरं कुठं हायेत?"

आणि दुसरं वाक्य ठरलेलं. "पोराला गेले म्हनून सांगू नका. शिरेस हाय म्हना."

याला कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी कामोठ्यातल्या एका घरानं मुलाला खरं सांगितलं होतं. मुलगा निघाला, मधल्या कुठल्याशा विमानतळावर उतरला आणि तिथंच बाकड्यावर बसून राहिला. पुढच्या विमानाचा पुकारा झाला तो त्याला ऐकूच आला नाही. इकडे वाट बघून बघून बापाला नेलं, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये आला. तेव्हापासून जगननं तीन नियम केले. शिरेस म्हणायचं. मोबाइलवर कोणी श्रद्धांजलीचा स्टेटस टाकायचा नाही. आणि मुलगा मधल्या विमानतळावर असताना त्याचा फोन उचलायचा नाही, कारण घरच्यांचा आवाज फुटतो तो तिथंच.

खारघरच्या कमलाकर काकांनी मात्र कटकट केली होती. बायको, सुनंदाबाई, गेलेल्या. मुलगा सत्यजीत टोरांटोला. काका म्हणाले, "मी आयुष्यात मुलाशी खोटं बोललेलो नाही. आजपासून सुरू करू?" जगननं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच सांगितलं, "शेजारचा बोलतोय. आई शिरेस हाय, लगेच निघा." सत्यजीत अठ्ठावीस तासांनी आला, लिफ्टमधून बाहेर पडला, दारातल्या चपला बघून समजला. पेटीवर डोकं ठेवून रडला. जाताना जगनचा हात धरून म्हणाला, "तुम्ही सांगितलं नाहीत ते बरं केलंत. मी एवढा प्रवास करू शकलो नसतो." जगननं ते शाबासकीसारखं जपून ठेवलं. कमलाकर काका मुलाच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि जगनला वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

जगनची बायको जनी उरण नाक्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. जगनच्या धंद्याविषयी तिनं एकदाही नाक मुरडलं नाही, उलट पेटी घरी परत आली की फिनेलनं पुसायची ती. तिची आई उरणकडच्या गावात वारली तेव्हा सांगावा वेळेवर आला होता, पण खाडीला ओहोटी लागलेली. होडी चिखलात रुतली. जनी गुडघाभर चिखल तुडवत पोचली तेव्हा सरणाचा नुसता धूर होता. अंतर किती, तर सरळ चाललं तर दोन तासांचं.

म्हणून त्यांची एकुलती एक लेक दिपिका नर्स होऊन न्यूझीलंडला निघाली तेव्हा जनीनं पहिला प्रश्न नवऱ्याला विचारला. "ऑकलंड किती तास?"

"वीस," जगन म्हणाला. "वरचे सहा धरून सव्वीस."

जनी बराच वेळ बोंबलाची डोकी मोडत बसली. मग म्हणाली, "मी आधी गेले तर मना गावासारखी घाईत नेऊ नको. तुझी पेटी हाय ना? मना पेटीत ठेव. पन माझ्या पोरीला माझं तोंड बघू दे. सबूद दे."

"येडी हायेस काय," जगन म्हणाला. पण तिनं हात पुढं केला होता तो खाली घेईना. शेवटी त्यानं हातावर हात मारला.

माघातल्या एका सोमवारी पहाटे जनी अंगणात टोपल्या भरत होती. छातीत कळ आली म्हणून ओटीवर टेकली. पुतण्या कुंदननं गाडी काढली, पनवेलच्या दवाखान्यात नेली, पण सहा वाजता डॉक्टरांनी मान हलवली. चौपन्न वर्षांची बाई, आदल्या दिवशी बाजारात गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडून आलेली.

सातला जगननं ऑकलंडला फोन लावला. तिकडं दुपारचे अडीच वाजले होते, ती घड्याळात साडेसात तास पुढं. शेकडो घरांत बोललेलं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"दिपा, आई शिरेस हाय. निघ."

"काय झालं? अटॅक? कुठल्या हॉस्पिटलला नेलंय? मशीन लावलंय का?"

बाकीच्यांची मुलं इंजिनिअर असायची. शिरेस म्हटलं की घाबरून गप्प व्हायची. ही नर्स होती. जगन घाईनं म्हणाला, "लावलीय मशीन. डाक्टर आत हायेत. तू निघ बाय."

"निघते. रात्रीचं विमान मिळेल. उद्या दुपारी एकला मुंबईत. बाबा, तिला सांगा मी येतेय."

जगननं फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडला. मग तोंड धुतलं आणि मोठ्या भावाकडे गेला. काशिराम म्हणजे गावकीतला मोठा माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही. जगन म्हणाला, "दादा, उद्या चारपरत थांबायचं."

"उद्या?" काशिराम ओरडलाच. "आपल्यात कवा थांबलेत? चूल नाय, पानी नाय, पोरांनी काय खावं? ह्ये तुझं खारघर हाय काय?"

"मी तिना सबूद दिलाय."

ओटीवरची माणसं कुजबुजली. काशिरामनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. "सबूद दिलाय तर थांबू," तो शेवटी म्हणाला. "पोरांच्या जेवनाचं वरच्या आलीत करा."

मग जगननं स्वतःच्या हातानं बायकोला पेटीत ठेवलं. दुसऱ्याच्या घरी हे काम तो दहा मिनिटांत करायचा. इथं त्याला पिन लावायला बोर्ड सापडेना. बोर्ड नेहमीच्याच जागी होता, टीव्हीच्या मागं. कुंदननं लावली. सगळ्यांना ताकीद देऊन झाली, कोणी स्टेटस टाकायचा नाही, दिपिकेच्या मैत्रिणींनाही कळवायचं नाही. गावानं ऐकलं. त्या गावातली असली गोष्ट दिवसभर कोणाच्या स्टेटसवर आली नाही हेच मोठं नवल.

दुपारी एकला तिचा फोन आला. ती विमानतळाच्या वाटेवर होती, गाडीत, आणि हमसून हमसून रडत होती. "बाबा, खरं सांगा. आई आहे ना? तुमचा आवाज असा का येतोय? मी इथं एकटी आहे. मला भीती वाटते."

लोकांच्या मुलांचं रडणं जगननं पुष्कळ ऐकलं होतं. आपल्या मुलीचं त्याला सोसेना. वीस तास ती विमानात अशीच रडत बसणार, शेजारी ओळखीचं चिटपाखरू नाही, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. समोर पेटी होती. तिच्याकडे पाठ करून तो म्हणाला, "आगं रडतेस कशाला? आथा बरी हाय. मगाशी डोलं उघडलं. दोन चमचं चहा घेतला."

पलीकडे तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"चहा घेतला? तोंडानं?"

"हां. तुझं नाव पन घेतलं."

"मग बरी आहे," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "गिळता येतंय म्हणजे खूपच बरी आहे. बरं बाबा, ठेवते मी. आईला त्रास देऊ नका, झोपू दे."

लेक आता शांतपणे प्रवास करील, असं त्यानं काशिरामला सांगितलंही. त्यानंतर त्याचा फोन दिवसभर वाजत राहिला, हात जोडलेली चित्रं येत राहिली, नातेवाइकांची, व्यापाऱ्यांची, ज्यांच्या घरी तो पेटी घेऊन गेला होता त्यांची. त्यानं एकही उघडून बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. दिपिका. जगननं हिशोब केला, आता ती सिंगापूरला उतरली असणार. मधला विमानतळ. त्यानं फोन छातीशी धरला आणि वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. काशिरामची नात मनस्वी म्हणाली, "आजोबा, उचला ना." जगननं मान हलवली. नियम म्हणजे नियम.

दुपारी कुंदन तिला आणायला मुंबईच्या विमानतळावर गेला. दोन वाजले, अडीच वाजले. तीनला त्याचा फोन आला. "काका, विमान कधीच उतरलं. सगली बाहेर आली. दिपा नाय."

"बघ नीट. बॅग येत नसंल."

"बघितलं. इचारलं पन. ती बसलीच नव्हती विमानात."

जगनला काही सुधरेना. मनस्वीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि जोडलेल्या हातांच्या त्या ढिगातून दिपिकेचं नाव शोधून काढलं. बोलून पाठवलेला निरोप होता, कालचा, दुपारी दीडचा. पोरीनं तो तिथंच अंगणात वाजवला, आणि बांधून ठेवलेल्या रिकाम्या तिरडीभोवती बसलेल्या सगळ्यांनी ऐकला.

"बाबा, मी तिकीट पुढं ढकललं. आत्ता आले तर मला फक्त तीन दिवसांची रजा आहे, येण्याजाण्यातच जाईल. आईला घरी सोडल्यावर तिला माझी गरज लागेल. शनिवारपासून पंधरा दिवस मिळतायत, तेव्हा येते आणि तिची नीट सेवा करते. चहा घेतला म्हणजे आता काळजी नाही. तिला सांगा, शनिवारी तुझी पोर येतेय."

काशिराम तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसला. एरवी टोचून बोलणारा माणूस. जगनला वाटलं, यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चारला त्यानं फोन लावला. तिची दुपारपाळी नुकतीच संपली होती. तिनं पहिल्याच घंटेला उचलला. "काय हो बाबा, सकाळी किती फोन केले! झोपला होतात का? आईला द्या आधी."

"दिपा," जगन म्हणाला. "आई गेली."

"कधी?"

"काल. सकाली सहाला."

"काल सकाळी सहाला." तिनं ते हळू म्हटलं, नर्स लोक कागदावर वेळ लिहितात तसं. "म्हणजे तुम्ही पहिला फोन केलात तेव्हाच ती नव्हती."

"नव्हती."

"मग चहा?"

जगन ओटीच्या पायरीवर टेकला.

"बाबा, मी गाडी वळवली. विमानतळ दिसत होता मला. तुम्ही चहा म्हणालात म्हणून मी गाडी वळवली."

"माझं चुकलं गं. तू एकटी व्हतीस. मना वाटलं, रडत येशील."

"रडत आले असते," दिपिका म्हणाली. "पण आले असते."

त्यानं विचारलं, अजून थांबू का? पेटी आहे, मी गावाच्या पाया पडतो. आजचं विमान तिच्या हातून गेलेलंच होतं. उद्या रात्री निघाली तर गुरुवारी दुपारी पोचणार. तिनं विचार केला आणि नको म्हणाली. दवाखान्यात मेलेली माणसं हाताळलेल्या मुलीला अजून दोन दिवसांनी आई कशी दिसेल हे कोणी सांगायला नको होतं. "मला तोंड दाखवा फक्त," ती म्हणाली. मनस्वीनं फोन पेटीच्या काचेवर धरला. काचेवर उजेड पडत होता, नीट दिसेना. मग जगननं झाकण काढलं. जनीनं शब्द घेतला होता तो लेकीनं तोंड बघावं म्हणून, आणि लेकीनं ते बघितलं, तळहाताएवढ्या पडद्यावर, तिकडच्या मध्यरात्री, कपडे बदलायच्या खोलीत उभं राहून. सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलं.

दिपिका शनिवारी आली. दहावं केलं, तेरावं केलं, आईच्या टोपल्या धुऊन बाजारातल्या बायकांना वाटून टाकल्या. बापाला वेळेवर जेवायला वाढलं, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या. भांडली नाही. जगनला वाटत होतं, भांडेल, भांडावी. शेवटच्या दिवशी बॅग गाडीत ठेवून ती परत ओटीवर आली.

"बाबा, एक विचारू? उद्या तुम्हाला काही झालं, तर मला खरं कोण सांगणार?"

"कुंदन सांगंल."

"कुंदनला तुम्हीच शिकवलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "आता कोणी मला सिरियस म्हणालं, तर मी समजेन गेले. आणि कोणी बरे आहेत म्हणालं, तरी समजेन गेले. मी तिथं काय करू, सांगा."

जगनला जगातल्या सगळ्या शहरांचे तास पाठ होते. तो तिच्यामागून गाडीपर्यंत गेला. गाडी गेली. तो अंगणात उभा राहिला, मग आत गेला, मग पुन्हा बाहेर आला.

धंदा त्यानं सोडला नाही. लोक मरायचे थांबत नाहीत, आणि मुलं परदेशात जायची थांबत नाहीत. पेटी ठेवून पिन लावून झाली की घरातलं कोणीतरी विचारतंच, मुलाला काय सांगू? जगन म्हणतो, "ते तुमी ठरवा," आणि जिन्यात जाऊन उभा राहतो.

रोज सकाळी सातला तो ऑकलंडला फोन लावतो. पूर्वी जनी लावायची, तासभर बोलायची. आता बोलणं फार नसतं. "मी बोलतोय," जगन म्हणतो. "बरा हाय."

"कॅमेरा लावा," दिपिका म्हणते.

तो कॅमेरा लावतो. ती त्याच्याकडे नीट बघून घेते, आणि मग फोन ठेवते.